दोन दिवस, सात कसोट्या

अथेन्स, २१ ऑगस्ट २००४. ऑलिम्पिकमधल्या महिलांच्या हेप्टाथलॉनचा दुसरा दिवस. सातपैकी सहावा प्रकार भालाफेकीचा. भारताच्या जे. जे. शोभाचा भाला ४४.३६ मीटरवर पडला, पण याच प्रकारात तिचा घोटा दुखावला. सहा प्रकारांनंतर तिच्या नावावर ५३११ गुण जमा होते आणि उरली होती फक्त ८०० मीटरची शर्यत, ट्रॅकच्या दोन फेऱ्या. हेप्टाथलॉनचा नियम कडक आहे. एका प्रकाराच्या सुरुवातीला खेळाडू उभी राहिली नाही, तर ती स्पर्धेतूनच बाद होते. आधीचे गुण कितीही असोत, अंतिम क्रमवारीत तिचं नाव येत नाही. शोभा घोट्याला पट्टी बांधून उभी राहिली आणि २ मिनिटं १७.२८ सेकंदांत धावली. त्या शर्यतीनं तिला ८६१ गुण दिले. एकूण ६१७२ गुण, जगात अकरावा क्रमांक.

त्या ऑलिम्पिकमध्ये भारताला एकच पदक मिळालं, राज्यवर्धनसिंह राठोड यांचं नेमबाजीतलं रौप्य. मैदानी खेळांत सगळ्यांचं लक्ष लांब उडीतल्या अंजू बॉबी जॉर्जकडे होतं. अकराव्या क्रमांकाला आपल्याकडे फारसं कुणी विचारत नाही. त्या निकालाकडे आज पुन्हा पाहावं, कारण भारतीय मुलीला काय काय जमू शकतं याचा इतका नेमका हिशोब दुसऱ्या कुठल्याच खेळात मांडलेला सापडत नाही.

सात प्रकारांची बेरीज

हेप्टाथलॉन दोन दिवस चालतं. पहिल्या दिवशी १०० मीटर अडथळा शर्यत, उंच उडी, गोळाफेक आणि २०० मीटर धावणं. दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक आणि शेवटी ८०० मीटर. अडथळे दहा असतात, प्रत्येकाची उंची ८४ सेंटिमीटर आणि दोन अडथळ्यांमधलं अंतर साडेआठ मीटर. गोळा चार किलोचा, भाला सहाशे ग्रॅमचा. उडीला किंवा फेकीला स्वतंत्र स्पर्धेत पहिल्या आठ जणींना सहा संधी मिळतात. इथे लांब उडी, गोळा आणि भाला यांना प्रत्येकी तीनच. लांब उडीत तिन्ही वेळा पाय फळीच्या पुढे पडला तर त्या प्रकाराचे गुण शून्य, आणि तिथून पदकापर्यंत परत येणं जवळजवळ अशक्य.

प्रत्येक वेळेचं, उंचीचं आणि अंतराचं ठरलेल्या कोष्टकानुसार गुणांत रूपांतर होतं. दहावीच्या परीक्षेत जशी सगळ्या विषयांची बेरीज धरतात, तशीच ही बेरीज. एखाद्या विषयात वर्गात पहिली आलेली मुलगी एकूण गुणांत मागे पडू शकते आणि कशातच पहिली नसलेली मुलगी सगळ्यांच्या पुढे जाऊ शकते.

बायकांसाठी ही स्पर्धा उशिरा आली. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकपासून त्यांना पाच प्रकारांचं पेंटाथलॉन होतं. १९८१मध्ये त्याची जागा हेप्टाथलॉननं घेतली आणि १९८४मध्ये लॉस एंजेलिसला ते पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये खेळलं गेलं. ते पहिलं सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या ग्लिनिस नन हिनं ६३९० गुणांनी जिंकलं. दुसरी आलेली अमेरिकेची जॅकी जॉयनर ६३८५वर थांबली. दोन दिवसांच्या झुंजीनंतर दोघींत पाच गुणांचा फरक होता. त्याच जॅकीनं १९८८मध्ये सोलला ७२९१ गुण मिळवले. तो जागतिक विक्रम त्यानंतर कुणालाही मोडता आलेला नाही.

भारताच्या बाजूनं पाहिलं तर पाया पेंटाथलॉनच्या काळातच घातला गेला. १९७८च्या बँकॉक एशियाडमध्ये एंजल मेरी जोसेफ हिनं पेंटाथलॉन आणि लांब उडी अशी दोन रौप्यपदकं मिळवली. पुढच्या पिढीतल्या मुलींसमोर हा दाखला होता.

धारवाड जिल्ह्यातली मुलगी

धारवाड म्हटलं की मराठी वाचकाला गाणं आठवतं. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल आणि कुंदगोळचे सवाई गंधर्व ही नावं आपल्या घरातलीच वाटतात. याच जिल्ह्यातल्या पशुपतिहाळ गावची जावूर जगदीशप्पा शोभा. जन्म १४ जानेवारी १९७८चा. पुढे तिला दक्षिण मध्य रेल्वेत नोकरी मिळाली आणि सिकंदराबाद हे तिचं गाव झालं. त्या काळातल्या बहुतेक भारतीय महिला खेळाडूंची वाट अशीच होती. खेळानं नोकरी दिली आणि नोकरीनं खेळ टिकवला. रेल्वे नसती तर भारतीय महिला अ‍ॅथलेटिक्सच्या इतिहासातली कितीतरी पानं कोरी राहिली असती.

शोभाची कारकीर्द ऑलिम्पिकपेक्षा आशियाई स्पर्धांमध्ये जास्त स्पष्ट दिसते. २००२च्या बुसान एशियाडमध्ये चीनच्या शेन शेंगफेईनं ५९११ गुणांनी सुवर्ण जिंकलं. रौप्य बंगालच्या सोमा बिस्वासला मिळालं, ५८९९ गुण. कांस्य शोभाला, ५८७० गुण. म्हणजे सुवर्ण आणि रौप्य यांच्यात फक्त बारा गुण.

बारा गुण म्हणजे किती? कोष्टकात घालून पाहिलं तर लांब उडीत सुमारे चार सेंटिमीटर. २०० मीटरमध्ये सेकंदाचे जेमतेम तेरा शतांश. गोळाफेकीत अठरा सेंटिमीटर. ८०० मीटरमध्ये एक सेकंदही नाही. दोन दिवसांतल्या सात प्रकारांपैकी कुठेही एवढंसं जास्त जमलं असतं, तर त्या दिवशी बुसानला जन गण मन वाजलं असतं. म्हणून हेप्टाथलॉनच्या खेळाडूला कुठलाच प्रकार हलक्यानं घेता येत नाही. आपल्याला न जमणाऱ्या प्रकारात, सगळ्यांच्या मागे असतानाही, शेवटची फेक पूर्ण जीव लावूनच करावी लागते.

सोमा ही राणाघाटची. तिचा जन्मही १९७८चाच. तिला कुंतल रॉय यांनी घडवलं. ती आणि शोभा यांची चुरस हा भारतीय मैदानी खेळांतला एक सुंदर अध्याय आहे. २००६च्या दोहा एशियाडमध्ये दोघी पुन्हा विजयमंचावर होत्या. सोमा पुन्हा दुसरी, ५६७५ गुणांवर. शोभा पुन्हा तिसरी, ५६६२वर. यावेळी दोघींमधला फरक तेरा गुणांचा. सुवर्ण कझाकस्तानच्या ओल्गा रिपाकोवाचं होतं. हीच रिपाकोवा पुढे तिहेरी उडीकडे वळली आणि २०१२मध्ये लंडनला ऑलिम्पिक विजेती झाली. आशियाई पातळीवर आपल्या मुली कुणाशी झुंजत होत्या, हे यावरून कळतं.

बुसान आणि दोहा यांच्या मधोमध २००४ हे शोभाचं वर्ष. १७ मार्चला नवी दिल्लीत तिनं ६२११ गुण मिळवले आणि राष्ट्रीय विक्रम केला. त्याच वर्षी अथेन्सला सोमाही तिच्यासोबत ऑलिम्पिकच्या मैदानावर होती. दोघींनाही अर्जुन पुरस्कार मिळाला. दोन दशकं उलटली, भारतीय मुलींनी आशियाई सुवर्णं जिंकली, तरी ६२११ हा आकडा जिथे होता तिथेच आहे.

एकाच बेरजेच्या दोन वाटा

शोभानंतर पदकांची साखळी तुटली नाही. २०१०मध्ये ग्वांगझूला कर्नाटकच्याच प्रमिला अय्यप्पानं ५४१५ गुणांनी कांस्य मिळवलं. २०१४चं इंचॉन रिकामं गेलं. २०१८मध्ये जकार्ताला बंगालच्या जलपाईगुडीच्या स्वप्ना बर्मननं ६०२६ गुण मिळवून हेप्टाथलॉनमधलं भारताचं पहिलं एशियाड सुवर्ण जिंकलं. आई चहाच्या मळ्यात काम करणारी, वडील सायकलरिक्षा ओढता ओढता आजारपणानं अंथरुणाला खिळलेले. स्वप्नाच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटं, त्यामुळे नेहमीचे बूट पायांना जाचत. जकार्तात तर दातदुखीमुळे गालाला पट्टी चिकटवून ती दोन्ही दिवस खेळली. २०२३मध्ये हांगझूला तेलंगणच्या नंदिनी अगसरानं ५७१२ गुणांनी कांस्य मिळवलं. चौथ्या आलेल्या स्वप्नापेक्षा तिचे चारच गुण जास्त होते. नंदिनीचे वडील चहा विकायचे आणि ती घडली सरकारच्या समाजकल्याण निवासी शाळेत. २०२५मध्ये दक्षिण कोरियातल्या गुमी इथे ती ५९४१ गुणांनी आशियाई विजेती झाली.

शोभाचा अथेन्सचा निकाल आणि स्वप्नाचा जकार्ताचा निकाल शेजारी ठेवून वाचावेत. शोभा २०० मीटर २३.४१ सेकंदांत धावली, १०३८ गुण. स्वप्नाला २६.०८ सेकंद लागले, ७९० गुण. या एका प्रकारात शोभा २४८ गुणांनी पुढे. लांब उडीत शोभा ६.३६ मीटर, स्वप्ना ६.०५. अडथळ्यांत शोभा १३.५३ सेकंद, स्वप्ना १३.९८. पण उंच उडीत शोभा १.६७ मीटरवर थांबली आणि स्वप्ना १.८२पर्यंत गेली. पंधरा सेंटिमीटरच्या या फरकाचे १८५ गुण स्वप्नाच्या बाजूला. भाला शोभाचा ४४.३६ मीटर, स्वप्नाचा ५०.६३. इथे आणखी १२१. सगळं धरून शोभा १४६ गुणांनी वर राहते.

एकीनं वेगावर घर बांधलं, दुसरीनं उंच उडी आणि फेकीवर. दोघींच्या शरीराची ठेवण वेगळी, ताकद वेगळी, तरी दोघी सहा हजारांच्या पुढे गेल्या. शाळेत मुलगी शंभर मीटरमध्ये चौथी आली की आपण तिला खेळाडूंच्या यादीतून काढून टाकतो. तीच मुलगी उंच उडीत दुसरी आणि भाल्यात तिसरी असेल, तर तिची बेरीज कुणी करून पाहिली का? हेप्टाथलॉन ही बेरीज करायला शिकवतं.

आणखी एक गोष्ट या पदकांच्या यादीतून दिसते. २००२पासूनच्या सहा एशियाडपैकी पाचांत भारताला हेप्टाथलॉनमध्ये पदक आहे. पशुपतिहाळ, राणाघाट, जलपाईगुडी यांतलं एकही महानगर नाही. या मुलींना मोठं केलं ते आशियाई पातळीवरच्या स्पर्धांनी. ऑलिम्पिक चार वर्षांनी येतं आणि तिथे पहिल्या दहांत येणंही कठीण असतं. आशियाई अजिंक्यपद आणि एशियाड मात्र असं व्यासपीठ देतात, जिथे पदक हाताच्या अंतरावर असतं. ते पदक मिळालं की नोकरी, पुरस्कार, प्रशिक्षण आणि पुढची दोन-तीन वर्षं खेळत राहण्याची उमेद मिळते. शोभाची सगळी कारकीर्द या पायरीवर उभी आहे. ही पायरी दुय्यम मानणारे लोक खेळाडू कसे घडतात ते विसरतात.

अंजनवेलमधून पाहताना

हे सगळं मी अंजनवेलमध्ये बसून लिहितो आहे. वाशिष्ठीच्या मुखावरचं, गुहागर तालुक्यातलं हे गाव. डोक्यावर गोपाळगड, खाडीपलीकडे दाभोळ. एन्रॉनच्या वीज प्रकल्पामुळे नव्वदच्या दशकात या टापूचं नाव जगभर गेलं. प्रकल्पाला नाव दाभोळचं मिळालं, जमीन गेली अंजनवेल, वेलदूर आणि रानवीची. इतका मोठा प्रकल्प ज्या मातीवर उभा राहिला, तिथे मुलींना धावायला सपाट जागा किती आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

चारशे मीटरचा ट्रॅक आखायचा तर साधारण एकशे ऐंशी मीटर लांब आणि पंचाण्णव मीटर रुंद सपाट जागा लागते. कोकणातल्या गावात एवढी सपाटी दुर्मीळ. एका बाजूला जांभ्याचा सडा, दुसऱ्या बाजूला उतार, मधे भाताची खाचरं. त्यात जून ते सप्टेंबर पाऊस. म्हणजे शाळा सुरू झाल्यावरचे पहिले चार महिने मैदान नावापुरतंच. कबड्डी आणि खो-खोला थोडी जागा पुरते, म्हणून कोकणात हे खेळ जिवंत राहिले आणि त्यांतून चांगल्या मुली पुढे आल्या. पण खो-खो खेळणारी मुलगी म्हणजे कमी अंतरात वेग घेणारी, झटकन वळणारी, पायांत उसळी असलेली मुलगी. तिच्या हातात कधी भाला दिला जात नाही आणि तिच्यापुढे कधी अडथळा ठेवला जात नाही.

महाराष्ट्राच्या मैदानी खेळांतली अलीकडची ठळक नावं आठवून पाहा. नाशिककडची कविता राऊत, २०१०च्या एशियाडमध्ये दहा हजार मीटरचं रौप्य. साताऱ्याची ललिता बाबर, रिओ ऑलिम्पिकच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी. बीडचा अविनाश साबळे, तोही स्टीपलचेसचाच. ही सगळी लांब पल्ल्याची माणसं. या धावण्याची पहिली काही वर्षं रस्त्यावर, माळावर, घाटात निघतात. हेप्टाथलॉनचं तसं नाही. त्याला उडीचा खड्डा लागतो, गादी लागते, अडथळे लागतात, भाला फेकायला मोकळी आणि सुरक्षित जागा लागते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सात प्रकार समजणारं माणूस लागतं. म्हणून आशियाई हेप्टाथलॉनच्या पदकविजेत्यांत कर्नाटक, बंगाल, तेलंगण दिसतात आणि महाराष्ट्र दिसत नाही. हे आपल्या मुलींचं अपयश नाही. पुण्यात बालेवाडीला १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी मोठं क्रीडासंकुल उभं राहिलं. तिथेच २०१३मध्ये आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद झालं. आशियातल्या उत्तम हेप्टाथलॉन खेळाडू आपल्या राज्यात येऊन खेळून गेल्या. त्यांना पाहायला कोकणातल्या किती मुलींना कुणी घाट ओलांडून नेलं?

साधनं नसली तरी काही करता येतं, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे लहानपणी मक्याचं भुसकट भरून केलेल्या गादीवर उंच उडी शिकला. तोच २०२५मध्ये टोकियोच्या जागतिक अजिंक्यपदात २.२८ मीटर उडी मारून सहावा आला. ती गादी शाळेतल्या क्रीडाशिक्षकांच्या खटपटीतून उभी राहिली होती. कोकणात भाताचा पेंढा आहे, बांबू आहे, वाळू आहे. बांबूचे अडथळे होतात आणि लांब उडीचा खड्डा गावच्या श्रमदानातून होतो.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गरिबी आणि कष्ट यांतून आपोआप खेळाडू घडतात, ही समजूत खोटी आहे. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणाऱ्या मुलीचे पाय बळकट होतात, पण दोन अडथळ्यांमधल्या साडेआठ मीटरमध्ये तीन पावलं टाकण्याची लय तिला कुणीतरी शिकवावीच लागते. ती लय शिकायचं वय बारा ते चौदा. ते वय निघून गेलं की मग ताकद वाढते, पण लय यायला जड जाते. स्वप्नाची आणि नंदिनीची गोष्ट सांगताना आपण त्यांच्या घरच्या ओढगस्तीवर थांबतो. त्यांना वेळेवर प्रशिक्षक मिळाले, शाळा मिळाली, हे सांगायचं विसरतो.

कुठून सुरुवात करायची

सुरुवात सात प्रकारांपासून करायची गरज नाही. राष्ट्रीय आंतरजिल्हा कनिष्ठ अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत चौदा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी तीन प्रकारांची एकत्रित ट्रायथलॉन असते. साठ मीटर धावणं, एखादी उडी आणि त्याला जोडून फेक, दुसरी उडी किंवा ६०० मीटर. या वयात मुलीला एकाच प्रकारात अडकवू नये, हा त्यामागचा विचार. अठरा वर्षांखालच्या मुलींच्या हेप्टाथलॉनला गोळा तीन किलोचा आणि भाला पाचशे ग्रॅमचा असतो, अडथळेही बुटके. म्हणजे तीन प्रकारांपासून सात प्रकारांपर्यंतची वाट वयाप्रमाणे आखलेली आहे. आपण फक्त तालुक्याच्या पातळीवर तिच्या तोंडाशी मुलींना नेऊन उभं करायचं.

शालेय स्पर्धांची उतरंड आपल्याकडे पक्की आहे. तालुका, जिल्हा, मग कोल्हापूर विभाग आणि राज्य. या उतरंडीत गुहागरची मुलगी एका प्रकारात हरली की घरी परतते. तिच्या तीन प्रकारांची बेरीज झाली, तर कदाचित ती तालुक्यात पहिली ठरेल. ती पहिली ठरल्याचं तिला, तिच्या आईवडिलांना आणि शाळेला कळेल. शोभाच्या गावात कुणाला तरी हे कधीतरी कळलं होतं, म्हणून भारताला ६२११ गुण मिळाले.

रत्नागिरी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. भातकापणी झाली की खाचरं मोकळी होतात, हवा कोरडी होते आणि गावोगाव क्रिकेटचे सामने सुरू होतात. त्याच दिवसांत प्रत्येक तालुक्यानं चौदा वर्षांखालच्या मुलींसाठी एक दिवसाची तीन प्रकारांची एकत्रित स्पर्धा घ्यावी, अशी माझी तालुक्यातल्या क्रीडाशिक्षकांना, ग्रामपंचायतींना आणि क्रीडामंडळांना कळकळीची विनंती आहे. त्यासाठी लागतात एक मोजपट्टी, दोन स्टॉपवॉच, वाळूचा खड्डा, एक किलोचा चेंडू आणि गुणांचं छापील कोष्टक. क्रिकेटच्या एका ट्रॉफीच्या खर्चात हे सगळं बसतं. पहिल्या वर्षी वीस मुली आल्या तरी पुरे. त्या वीसजणींची नावं, वेळा आणि अंतरं वहीत नीट लिहून ठेवा, आणि पुढच्या वर्षी त्याच मुलींना पुन्हा बोलवा.